गल्लीतला शॉर्टकट बंद केला तर ट्रॅफिक जातं कुठे?

तुमच्या फोनवरचं मॅप ॲप "४ मिनिटं वाचतील, दुसरा रस्ता घ्या" असं सुचवतं आणि आपण फारसा विचार न करता गाडी वळवतो. तो दुसरा रस्ता पुष्कळदा कुठल्यातरी कॉलनीतला असतो. दोन्ही बाजूला घरं, कडेला लावलेल्या गाड्या, सायकल शिकणारी पोरं. एकट्या तुमच्या गाडीने तिथे काही बिघडत नाही. पण तीच सूचना एकाच वेळी शेकडो फोनवर गेली, तर त्या गल्लीचा थोड्याच वेळात हायवे होतो, आणि तिथे राहणाऱ्यांना हे कुणी विचारलेलंही नसतं.

मग गल्लीतून आरपार जाणारं हे ट्रॅफिक बंदच करून टाकलं तर? लंडनने २०२० पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलाय. तिकडे त्याला 'लो ट्रॅफिक नेबरहूड' म्हणतात, थोडक्यात एलटीएन. मे २०२५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने लॅम्बेथ कौन्सिलची वेस्ट डलिच भागातली एलटीएन बेकायदा ठरवली आणि हा वाद पुन्हा तापला. एक बाजू म्हणते कार चालवणाऱ्यांवर अन्याय, दुसरी म्हणते मुलांना रस्ता परत मिळाला. मी डिलिव्हरी गाड्यांचे रूट काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे मला या भांडणातला तांत्रिक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो समजला की राजकीय भागही बराचसा कळतो.

ॲपला गल्ली दिसते कशी?

मॅप ॲपसाठी शहर म्हणजे ग्राफ. चौक म्हणजे नोड, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एज, आणि प्रत्येक एजला एक वजन. इंजिनिअरिंगला असाल तर डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकला असाल. १९५९ मध्ये छापून आलेली ती पद्धत आजच्या रूटिंग इंजिनांच्याही पायाशी आहे, वर बऱ्याच सुधारणा झाल्यात इतकंच. वजन म्हणून घेतला जातो तो मुख्यतः वेळ. मेन रोडवर जाम लागला की त्या एजचं वजन वाढतं, शेजारची गल्ली 'स्वस्त' होते, आणि अल्गोरिदम तुम्हाला तिकडे वळवतो.

यात ॲप काहीही चुकीचं करत नाहीये. त्याला सांगितलंय की ड्रायव्हरचा वेळ वाचव, तो वाचवतोय. शाळेसमोरून ताशी ४० च्या वेगाने गाडी गेली याची किंमत त्या वजनात धरलेलीच नसते. स्मार्टफोनच्या आधीही लोक शॉर्टकट वापरायचेच, पण तो शॉर्टकट फक्त तिथल्या रिक्षावाल्यांना आणि जुन्या लोकांना माहीत असायचा. आता तो पहिल्यांदाच शहरात आलेल्या माणसालाही माहीत असतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. न्यू जर्सीत लिओनिया नावाचं छोटं गाव आहे. न्यूयॉर्कला जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज तिथून जवळच. पुलाकडे जाणारे रस्ते तुंबले की वेझसारखी ॲप गाड्यांना या गावातून काढायची. (वेझ २०१३ पासून गूगलच्याच मालकीचं आहे.) शेवटी जानेवारी २०१८ मध्ये गावाने सुमारे ६० रस्ते सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ९ बाहेरच्या गाड्यांना बंद केले. रहिवाशांना आरशाला अडकवायला पिवळे टॅग दिले आणि बाकीच्यांना २०० डॉलर दंड.

गाड्या कमी झाल्या, पण दुकानदार ओरडायला लागले, कारण रस्त्यावरच्या पाट्या बघून गिऱ्हाईकंही घाबरून माघारी जायला लागली. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कोर्टाने तो नियमच रद्द केला. राज्याच्या वाहतूक खात्याची मंजुरी न घेता गावाला असे रस्ते बंद करता येत नाहीत, हे त्यामागचं मुख्य कारण.

'फक्त रहिवाशांसाठी' हा नियम कोडमध्ये का बसत नाही

लिओनियाच्या नियमात एक अडचण होती जी कोर्टात आली नाही, पण प्रोग्रामरला लगेच दिसेल. "या रस्त्यावरून आरपार जायचं नाही" ही गोष्ट रस्त्याबद्दलची नाहीच, प्रवासाबद्दलची आहे. एकच गल्ली, एकच गाडी, पण तुम्ही तिथल्या मावशीकडे जात असाल तर चालतं आणि पलीकडच्या पुलावर जात असाल तर चालत नाही. एजच्या वजनात ही माहिती टाकायला जागा नाही. गाडी कुठून निघाली, कुठे थांबणार, हे सगळं माहीत असल्याशिवाय नियम मोडला की नाही हे कळत नाही.

मॅपवाल्यांनी यावर तोडगे काढलेत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याला 'ॲक्सेस इक्वल्स डेस्टिनेशन' असा टॅग देता येतो. त्याचा अर्थ, ज्यांना तिथेच जायचंय त्यांच्यासाठीच हा रस्ता. मग रूटिंग इंजिन अशा रस्त्यात शिरायला मोठी पेनल्टी लावतं, म्हणजे तो रस्ता प्रवासाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटीच वापरला जातो. पण हे झालं ॲपचं. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाने काय करायचं? प्रत्येक गाडी थांबवून "कुणाकडे चाललात?" विचारायचं? आपल्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन तेच करतो, पण ते एका गेटपुरतं ठीक आहे. साठ रस्त्यांवर ते शक्य नाही.

लंडनच्या एलटीएनमागची कल्पना इथेच वेगळी आहे आणि मला ती इंजिनिअर म्हणून फार आवडते. ते गाडी कुणाची हे विचारतच नाहीत. ते ग्राफच बदलतात.

समजा चार मेन रोडच्या मधे एक चौकोनी वस्ती आहे. आत तीस-चाळीस गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या. आता आतल्या मोजक्या ठिकाणी रस्ता मधोमध तोडायचा. तिथे झाडांच्या मोठ्या कुंड्या किंवा खांब ठेवायचे, म्हणजे माणूस आणि सायकल जाईल पण कार जाणार नाही. याला 'मोडल फिल्टर' म्हणतात. जागा अशा निवडायच्या की कुठल्या ना कुठल्या मेन रोडवरून प्रत्येक घरापर्यंत गाडी पोचलीच पाहिजे, पण एका मेन रोडने आत शिरून दुसऱ्या मेन रोडला बाहेर पडता येता कामा नये. ग्राफच्या भाषेत, वस्तीचे असे तुकडे करायचे की एकेक तुकडा एकाच बाजूला उघडेल. शिकाऊ ड्रायव्हर असो, मुरलेला कॅबवाला असो किंवा कुठलंही ॲप, आरपार मार्ग अस्तित्वातच नाही म्हटल्यावर सापडणार कुठून! टॅग नको, ओळखपत्र नको, वॉचमन नको.

किंमत आहेच. आत राहणाऱ्यालाही कधीकधी मोठा वळसा पडतो. पूर्वी तीन गल्ल्या ओलांडून जायचं तिथे आता मेन रोडने फिरून जावं लागतं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न मेन रोडवर राहणाऱ्यांचा, ज्यांना हे काहीच मिळत नाही.

२०२० मध्ये झालं काय

कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या 'ट्रॅफिक इन टाउन्स' या सरकारी अहवालात घरांच्या वस्त्या आरपार ट्रॅफिकपासून वेगळ्या ठेवायची मांडणी होती. लंडनमध्ये अलीकडच्या काळात ती ठळकपणे केली वॉल्थम फॉरेस्ट कौन्सिलने, २०१५ च्या सुमारास वॉल्थमस्टो भागात. तेव्हा विरोधकांनी चक्क शवपेटी घेऊन मोर्चा काढला होता.

मग कोविड आला. बस-ट्रेन रिकाम्या, आणि सगळे कार काढणार ही भीती. मे २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने चालणं आणि सायकल यांच्यासाठी २५ कोटी पौंडांचा तातडीचा निधी जाहीर केला. पैसे लवकर खर्च करायचे होते, म्हणून कौन्सिलांनी 'प्रायोगिक आदेश' वापरला. या आदेशात आधी रस्ता बंद करता येतो आणि नंतर मतं मागवता येतात. प्रयोग जास्तीत जास्त १८ महिने. सॉफ्टवेअरवाल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: थेट प्रॉडक्शनमध्ये टाका, लॉग बघा, नको असेल तर मागे घ्या. फक्त इथे प्रॉडक्शन म्हणजे लोकांचं घर. सकाळी उठून दार उघडलं तर समोर कुंड्या, असं झाल्यावर लोक चिडणारच.

त्या वेळी समर्थक एक आकडा सतत सांगायचे: २००९ ते २०१९ मध्ये लंडनच्या छोट्या रस्त्यांवरचं ट्रॅफिक ७२ टक्के वाढलंय, आणि याला सॅटनॅव ॲप जबाबदार. आकडा सरकारी होता. पण छोट्या रस्त्यांवर रोज मोजणी होत नाही. थोड्या ठिकाणी नमुना मोजतात आणि दरवर्षीचा वाढीचा दर त्यावर चढवत जातात. दहा वर्षांत ही छोटी चूक चक्रवाढीने साचते. नवीन मोजणी झाली तेव्हा सरकारने हा आकडा बराच खाली आणला. म्हणजे ॲपमुळे गल्ल्या भरल्या हे खोटं आहे असं नाही, लिओनियात ते डोळ्यांनी दिसलंच. पण 'अख्ख्या शहरात पाऊणपट वाढ' हे विधान मोजमापातल्या गोंधळावर उभं होतं. व्हॉट्सॲपवर ते अजूनही फिरतं.

मग ट्रॅफिक गेलं कुठे?

साधं उत्तर वाटतं: पाण्यासारखं शेजारच्या रस्त्यावर गेलं. पण ट्रॅफिक पाणी नाही. पाण्याला बाहेर पडायचं की नाही हे ठरवता येत नाही.

ट्रान्सपोर्ट शिकणाऱ्यांमध्ये 'ट्रॅफिक इव्हॅपोरेशन' हा शब्द वापरतात. रस्त्याची क्षमता कमी केली की काही फेऱ्या चक्क नाहीशा होतात. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन यांनी २००२ मध्ये ११ देशांतली ७० पेक्षा जास्त उदाहरणं तपासली. निम्म्या ठिकाणी, आजूबाजूचे रस्ते धरूनही, एकूण ट्रॅफिकमध्ये ११ टक्क्यांपेक्षा जास्त घट होती. कसं? दोन मिनिटांवरच्या दुकानात कार घेऊन जाणारा चालत जातो. कुणी वेळ बदलतो. कुणी दोन कामं एकाच फेरीत उरकतो. एका माणसाचा बदल किरकोळ असतो, हजारो माणसांचा मिळून दिसण्याइतका होतो.

लंडनच्या एलटीएनबद्दल २०२३ मध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या असा थॉमस आणि रेचल आल्ड्रेड यांनी ११ बरोंमधल्या ४६ योजनांची मोजणी एकत्र केली. आतल्या रस्त्यांवरचं ट्रॅफिक सरासरी जवळपास निम्म्यावर आलं. हद्दीवरच्या मेन रोडवर सरासरी बदल १ टक्क्याहूनही कमी. जखमी होणाऱ्यांबद्दल आल्ड्रेड आणि ॲना गुडमन यांचा वेगळा अभ्यास आहे. त्यात उरलेल्या लंडनच्या तुलनेत एलटीएनच्या आत अपघातात जखमी होणाऱ्यांची संख्या साधारण निम्मी झालेली दिसली आणि हद्दीवर ती वाढलेली दिसली नाही.

इथे समर्थक थांबतात आणि "बघा, सिद्ध झालं" म्हणतात. मला त्या '१ टक्क्याहून कमी'कडे नीट बघायचंय, कारण ती सरासरी आहे. त्याच अभ्यासात हद्दीवरच्या रस्त्यांपैकी साधारण निम्म्यांवर ट्रॅफिक कमी झालं आणि निम्म्यांवर वाढलं. ज्यांच्या खिडकीखाली वाढलं त्यांना सरासरीचं काय कौतुक? डेटा सायन्सच्या पहिल्या सेमिस्टरला सांगतात, सरासरीसोबत पसाराही बघा. इथे त्या पसाऱ्यात खरी माणसं राहतात, आणि शहराच्या मेन रोडवर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे लोक साधारणपणे कोण असतात हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात वाईट नमुना स्ट्रेटम वेल्सचा. लॅम्बेथ कौन्सिलने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एलटीएन सुरू केली. शेजारच्या ए२३ या मेन रोडवर त्याच काळात खोदकामही चालू होतं. परिणाम असा की एका बसला ३ मैलांपेक्षा कमी अंतर कापायला २ तास लागले. एलटीएनचा हेतू लोकांनी कार सोडून बस धरावी हा, आणि बसच अडकून पडली. लंडनचे महापौर सादिक खान एरवी या योजनांच्या बाजूचे, पण त्यांनीही हात वर केले आणि मार्च २०२४ मध्ये ती योजना थांबवली गेली. आतल्या आकड्यांवरून ती यशस्वीही म्हणता आली असती. पण हद्दीच्या रस्त्यात आधीच जागा शिल्लक नव्हती, आणि फिल्टर लावण्याआधी तपासायला हवं होतं ते हेच.

कॅमेरा हुशार, पाटी लहान

पुढे कुंड्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी कॅमेरे आले. एएनपीआर, म्हणजे नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. याचा फायदा खरा आहे: रस्ता उघडाच राहतो, त्यामुळे ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड सरळ निघून जातात, बसलाही जाता येतं. अपंग रहिवाशांचे नंबर यादीत टाकून त्यांना सूट देता येते. लॅम्बेथने काही ठिकाणी तशी दिली, कारण ज्याला चालताच येत नाही त्याला "चालत जा" सांगण्यात अर्थ नाही.

तोटा असा की ग्राफ पुन्हा उघडा झाला. रस्ता डोळ्याला मोकळा दिसतो, फक्त एक गोल पाटी आहे. बाहेरचा माणूस ॲपवर विश्वास ठेवून आत शिरतो आणि काही दिवसांनी घरी पत्र येतं. लंडनमध्ये हा दंड २०२५ पासून १६० पौंड आहे, १४ दिवसांत भरला तर निम्मा. कौन्सिलच्या तिजोरीत पैसा येतो म्हटल्यावर "हे सगळं कमाईसाठीच" हा आरोप चिकटणारच. कुंडी कुणाला दंड करत नाही, म्हणून शक्य असेल तिथे मी कुंडीच्याच बाजूने आहे. एखाद्या कॅमेऱ्यासमोर रोज शेकडो लोक चुकत असतील, तर लोक निष्काळजी आहेत हा निष्कर्ष चुकीचा आहे. ॲपच्या एका स्क्रीनवर निम्मे युजर चुकीचं बटण दाबत असतील तर आपण युजरला दोष देतो का? डिझाइन बदलतो.

गंमत म्हणजे इतका वाद होऊनही, मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते की तिने निवडलेल्या योजनांमधल्या ५८ टक्के रहिवाशांना आपण एलटीएनमध्ये राहतो हेच माहीत नव्हतं. ही पाहणी ऋषी सुनक पंतप्रधान असताना त्यांच्याच सरकारने मागवली होती, आणि ते या योजनांच्या विरोधात बोलत होते. विचारल्यावर बाजूने असलेले विरोधात असलेल्यांच्या साधारण दुप्पट निघाले.

कोर्टाने नेमकं काय रद्द केलं

वेस्ट डलिचच्या निकालाच्या हेडलाइन वाचून वाटेल की कोर्टाने एलटीएन वाईट ठरवल्या. तसं नाहीये. स्थानिकांच्या एका गटाने कौन्सिलला ५३ पानांचं सादरीकरण दिलं होतं, आणि निर्णय घेताना ते विचारात घेतलंच गेलं नाही. कोर्टाचा आक्षेप यावर होता. ट्रॅफिक वाढलं की घटलं, हवा सुधारली की बिघडली, यावर तो निकाल नाही. लिओनियातही मंजुरीचाच मुद्दा होता. दोन्हीकडे रस्त्यावरचा प्रयोग कागदावर हरला.

आपल्याकडे हे करता येईल का?

कायद्याने येतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी घालू शकतो. महाराष्ट्रातले वाहतूक पोलीस गणपतीत रस्ते बंद करतात तेव्हा त्यांच्या आदेशात हेच कलम असतं. आणि एक महिन्यापर्यंतची बंदी असेल तर राजपत्रात छापायचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळवणं पुरतं. म्हणजे महिनाभराचा प्रयोग करायला नवीन कायदा लागत नाही.

अडतं ते दुसरीकडे. लंडनमध्ये वाद घालायला निदान आकडे होते: फिल्टरच्या आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी. आपल्या कॉलनीतल्या गल्लीतून रोज किती गाड्या आरपार जातात हे कुणी मोजलेलं नसतं. आणि मोजलं नाही तर महिन्यानंतरचं भांडण कुणाचा आवाज मोठा यावरच सुटणार.

ॲपच्या बाजूने थोडी हालचाल आहे. जुलै २०२४ मध्ये गूगल मॅप्सने भारतात चारचाकींसाठी अरुंद रस्ते टाळायची सोय आणली. सॅटेलाइट फोटो, स्ट्रीट व्ह्यू, इमारतींमधलं अंतर यावरून एआय मॉडेल रस्त्याची रुंदी ठरवतं आणि शक्य तिथे अरुंद गल्ली टाळतं. सुरुवात हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, इंदूर अशा आठ शहरांतून झाली. पहिल्या यादीत महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. पण हेतू बघा: तुमची कार गल्लीत अडकू नये. गल्लीत राहणाऱ्यांना त्रास होऊ नये हा विषय त्यात नाही. आणि ही सोय चारचाकीसाठी आहे. आपल्या गल्लीतून आरपार जाणाऱ्यांत मोठा वाटा दुचाकींचा असतो, आणि कुंड्यांमधल्या ज्या फटीतून सायकल जाते त्याच फटीतून ॲक्टिव्हाही जाते. लंडनचं डिझाइन जसंच्या तसं आपल्याकडे आणलं तर पहिल्याच दिवशी हे होईल, आणि त्यावरचा उपाय लंडनकडे नाही, कारण त्यांना तो प्रश्न या प्रमाणात कधी पडलाच नाही.

तुमच्या गल्लीपुरतं आत्ता करता येण्यासारखं एक काम आहे. गूगल मॅप्समध्ये रस्त्यावर बोट दाबून धरा आणि चूक कळवायचा पर्याय शोधा. वन-वे, गेट, बंद रस्ता हे तिथे नोंदवता येतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर तुम्ही स्वतःच बदल करू शकता. मात्र जे जमिनीवर खरंच आहे तेवढंच टाका. आपल्या घरासमोरचा चालू रस्ता मॅपवर बंद दाखवला, तर उद्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हरही तोच मॅप बघणार आहे.